कधी वापरू नये

फॉगर सुरू झाला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, अन् शेडनेटातल्या नऊ बाया एकदमच ओरडल्या. वरच्या नळ्यांतून धुकं उतरलं. मिरचीची झाडं, बायांची डोकी, पांढरी जाळी, सगळं हळूहळू विरघळलं. त्यातून पुष्पाबाईचा आवाज तेवढा शाबूत बाहेर आला.

"इंद्रभानभाऊ, बंद करा ना ते! पराग भिजला न सारा!"

इंद्रभान धावत बटणापाशी पोचला, पण व्हायचं ते झालं होतं. काल संध्याकाळी बायांनी चिमट्यानं एकेक कळी उघडून आतले पुंकेसर काढले होते. आज त्या फुलांना दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. बियाण्याचं हे काम सकाळच्या दोन-तीन तासांचं. पराग ओला झाला की कालची मेहनत मातीत.

समता टॅबलेट घेऊन आली. इंद्रभानची एकुलती एक पोरगी. घरात दोघंच. सोमवारी ती बंगळूरला नोकरीवर जाणार, म्हणून शेडनेट सांभाळायला तिनं एआय बसवलं होतं. ते कॅमेऱ्यातून पाहायचं, ऐकायचं, लिहिलेलं वाचायचं अन् आपलं आपण ठरवायचं. त्याच्या हाती तिनं तीन कामं दिली होती : ठिबक सोडणं, फॉगर चालवणं, समताला फोन लावणं. कोणतं काम कशासाठी, ते बापानं आपल्या शब्दांत लिहायचं.

तिनं वाचलं, "'फॉगर. बायांनी गरमीची कुरकुर केली की त्यायचं तोंड बंद कराचं औषध.' बाबा, हे काय?"

"गंमत केली वं."

"पुष्पाबाईनं मघाशी गरमीची कुरकुर केली. त्यानं ऐकलं. त्याले गंमत समजत नाही. तुम्ही लिहिलं ते खरं धरते ते."

"सारंच?"

"सारंच."

गावातल्या जानरावला फेटा बांधून खोट्या सत्काराला तहसीलीत धाडणारा माणूस इंद्रभान. आग लागली म्हणून ओरडला तर लोक आधी हसतील, मग बादली शोधतील. अन् इथं कोणीतरी त्याचा शब्द न् शब्द खरा मानून बसलं होतं.

"हे नीट लिहिल्याबिगर मी जाऊ कशी?" समता म्हणाली. "सांगा बरं."

दुपारी बाया घरी गेल्या. बापलेक उलट्या क्रेटवर बसले. जाळीतून गाळून आलेल्या उजेडात सावल्याच नव्हत्या. पानं दुधात बुडाल्यासारखी दिसत होती. वेळ पुढे जातो की जागीच डुलतो, कळत नव्हतं. इंद्रभान एका बोटानं टाइप करत होता.

'फॉगर हवेत बारीक धुकं सोडते. दुपारी बारानंतर, ऊन फार असेल तर, पाच मिनिटं. सकाळी पराग लावणं चालू असताना चालवू नये, कोणी कितीही कुरकुर केली तरी. पराग भिजला तर बी धरत नाही.'

"आता कसं!" समता म्हणाली. "कारण लिहिलं न, मंग न लिहिलेलंही त्याले उमजते."

ठिबकचं झालं. राहिला फोन. इंद्रभाननं लिहिलं : 'मोटर जळाली, जाळी फाटली, फवारणीचं औषध अंगावर उडालं तर समताला फोन लावावा. बापाला करमत नसेल तेव्हा लावू नये.'

समतानं वाचलं. वाऱ्यानं जाळी फुगली, पुन्हा बसली.

"हे नाही समजणार त्याले."

"काऊन?"

"करमत नाही म्हंजे काय? ते त्याले कसं दिसन? ते लिहा."

इंद्रभाननं धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, मग एकेक अक्षर शोधत लिहीत गेला.

'पाणी दिलेल्या ओळीत तो पुन्हा पाणी सोडतो. दोन भाकरी टाकतो, एक तशीच राहते. जवळ कोणी नसताना गंमत सांगतो अन् थांबतो.'

टॅबलेट त्यानं तिच्यापुढं धरला, पण तिच्याकडं पाहिलं नाही. वरची एक नळी उगाच निरखत राहिला.

समता म्हणाली, "अन् असं दिसल्यावर त्यानं काय करावं? नुसतं 'नये' म्हणून भागत नाही, बाबा. मंग काय, ते सांगा लागते."

"ते तू लिही."

तिनं टॅबलेट मांडीवर घेतला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दूर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची घरघर कितीतरी वेळ जाळीत अडकून राहिली.

"पाहा बरं."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या चोरून वाचणाऱ्या त्या माणसानं मान वर ठेवली, अंगठ्यानं चाचपलं अन् 'जतन करा' दाबलं.

"वाचलं नाही तुम्ही."

"त्याले समजलं न?"

"हाव."

"झालं मंग," म्हणत तो उठला अन् फाटकाकडं निघाला. संध्याकाळच्या कामाला बाया चिमटे घेऊन परत येत होत्या.