कडेला जाड, आत झिजलेली

इकडे, खाली बघा जरा. पुढच्या चाकाला जोडलेली भोकाभोकांची पोलादी तबकडी दिसते ना? ती मी, मोटारसायकलची ब्रेक डिस्क. माणसं टाकीवर हात फिरवतात, दिव्याचं कौतुक करतात. गाडी थांबवते कोण? मी!

कारखान्यातून निघाले तेव्हा साडेचार मिलिमीटर जाड होते, आणि अंगावर कोरलेलं होतं : किमान चार. माझं सगळं आयुष्य त्या अर्ध्या मिलिमीटरात. ब्रेक दाबला की पॅड दोन्ही बाजूंनी मला आवळतात. स्वतः झिजतात, मलाही झिजवतात. लोक विचारतात, डिस्क टिकते किती? अहो, चालवणाऱ्याला विचारा! उताराला गिअरचा आधार घेणाऱ्याकडे साठ हजार किलोमीटरही जातील. ब्रेक आवळूनच उतरणाऱ्याकडे निम्मेसुद्धा नाहीत.

माझा मालक जन्मभर लेथवर राबलेला. घरी बसला तरी जाडी मोजायचा व्हर्नियर हाताशी असायचाच. दर महिन्याला तो माझ्या कडेला लावायचा आणि म्हणायचा, "चार पूर्णांक चार! ठणठणीत आहेस गं बाई." मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू? पण पॅड काही अगदी कडेपर्यंत पोचत नाहीत. कड राहिली जाडजूड आणि आत पडला खळगा. मालक बिचारा मोजत होता कड.

त्याची सून नर्स. तिची बदली घाटाखालच्या दवाखान्यात झाली. सोमवारपासून गाडी ती नेणार होती, मागे नातीला बसवून. एक फेरी मारून आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"बाबा, ब्रेक दाबला की हाताला हादरे बसतात. डिस्क बदलू या."

"मला शिकवतेस? केसाच्या जाडीची कामं केलीत मी!"

"नाही कोण म्हणतंय? पण मागे तुमची नात बसणार आहे, तुमचा अनुभव नाही."

तिनं माझ्या कडेवरून नख आत ओढलं. नख टपकन खाली उतरलं. मग सारखी दोन नाणी काढून तिनं माझ्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत धरली. "आता नाण्यांसकट मोजा, मग नाणी वजा करा."

त्यानं मोजलं. तीन पूर्णांक सात. पुन्हा मोजलं. तेवढंच.

म्हाताऱ्यानं व्हर्नियर पायरीवर ठेवला. "आणि मी सांगत होतो, खुशाल जा म्हणून..."

"हात नाही चुकला तुमचा, बाबा. जागा चुकली."

"तेच तर वाईट गं. कुठे धरायचं, हेच शिकवायचो मी सगळ्यांना."

त्याच दुपारी त्यानं स्वतः मला उतरवलं, नवी डिस्क आणि नवे पॅड बसवले.

"ही ठेवू आठवण म्हणून?" सुनेनं विचारलं.

"नको. स्वस्तात मिळते म्हणून कोणी उचलून बसवेल." माझ्यावरून एकदा फडकं फिरवून त्यानं करवत घेतली आणि माझे सरळ दोन तुकडे केले.

रागावले नाही मी. माझे लाड करणारा तोच, आणि वेळ आल्यावर मला पुरे म्हणणाराही तोच. आता माझ्यापाशी रेंगाळू नका. आपापल्या गाडीपाशी वाका, आणि कड सोडून आत मोजा.