ती दाद कुणाची?

मी स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या त्रियाना वस्तीतला एक जुना लाकडी मंच आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझ्यावर कुणीही पाय ठेवला की मला पहिल्यांदा संशय येतो. जन्मभर टाचांचे फटके खाल्लेल्यानं दुसरं काय करावं? माणसं तोंडानं गोड बोलतात. खरं काय ते पायांना विचारावं, आणि माझ्या वाट्याला पायच आले.

मला बाल्दोमेरो नावाच्या सुतारानं घडवलं. तो नदीकाठी होड्या बांधायचा, सकाळपासून अंधार पडेपर्यंत हातोडा चालवायचा. मोडीत निघालेल्या एका नावेच्या फळ्या त्यानं तासल्या आणि लेओकादिओच्या खाणावळीत मला बसवलं. बाल्दोमेरोच्या मुलीला, अरासेलीला, फ्लामेंको नाचायला चांगली जागा हवी होती. मजुरी म्हणून त्यानं फक्त समोरचा बाक कायमचा मागून घेतला. त्या बाकावर तो आणि त्याचा मुलगा डामियान मांडीला मांडी लावून बसायचे.

आमच्याकडे दाद देण्याचं काम फार अवघड. गाणं खाली उतरतं, नाचणारी टाच आपटून थांबते, आणि मधे श्वासाएवढी जागा उरते. दादेचं ‘ओलेऽ’ नेमकं तिथंच पडायला हवं. आधी पडलं तर नाच मोडतो, उशिरा पडलं तर अपमान. चुकणाऱ्याला त्रियानातले लोक वर्षभर चिडवतात. बाल्दोमेरोची दाद कधीच चुकली नाही. हनुवटी खाली घालून, अगदी हलक्या आवाजात तो ती द्यायचा, आणि अरासेली तेवढ्यासाठीच नाचायची.

मग डामियान बापाशी भांडून जर्मनीला निघून गेला. त्या दिवसापासून बाल्दोमेरो गप्प झाला. रोज बाकावर येऊन बसायचा, मुलीवरची नजर हलवायचा नाही, पण दाद म्हणून नाही. अरासेली जीव तोडून नाचली. बाबांना आपला नाच आवडेनासा झाला असं तिनं मनात धरलं, आणि तो वारला तरी ते गेलं नाही. खाणावळ टाळ्यांनी भरायची, तरी तिच्या टाचेत मला ती शंका जाणवायची. पण आता विचारणार कुणाला?

माझेही दिवस पालटले. पूर्वी गल्लीतले जाणकार यायचे, आता प्रवासी येतात. टेबलं पुसून झाल्यावर फडक्यात काही दम उरला तर माझ्यावरून फिरतं. खिळे वर आलेत, ते कुणी बघत नाही.

गेल्या वसंतात एका गुरुवारी संध्याकाळच्या पहिल्या खेळाला एक गृहस्थ आला. डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा, बुटांना बागेतली पिवळी माती. उजेड असतानाच जेवायला बसला! त्या वेळी आमच्याकडे कुणाला भूकच लागत नाही. तळलेल्या माशांबरोबर त्यानं फळं घातलेली गोड वाइन मागवली. पक्का परदेशी, असं सगळ्यांनी धरलं.

अरासेली टाच आपटून थांबली, आणि त्याच्या टेबलावरून दाद आली. हलकी आणि नेमकी.

खेळ संपल्यावर पडद्यामागे कुजबुज सुरू झाली.

“हा प्रवासी नाहीच,” गाणारे एवारिस्तोकाका म्हणाले. “नकाशा उलटा धरलाय त्यानं.”

“मग कोण?” लेओकादिओनं विचारलं.

“नदीपलीकडच्या मोठ्या थिएटरचा माणूस. आपल्या अरासेलीला पळवायला आलाय.”

“काका, परवा तुम्हाला पोस्टमनसुद्धा हेर वाटला होता.”

“होताच तो! दोनदा विचारलंन मला, बरे आहात ना म्हणून. कशाला विचारावं?”

अरासेली बूट काढून घरी गेली.

शुक्रवारी तो पुन्हा आला. मोठ्या देवळाचा मनोरा चढून आला होता, पावलं जड पडत होती. लेओकादिओनं मुक्काम विचारला, तर मुद्दाम तोडकंमोडकं बोलून म्हणाला, रविवारी सकाळी परत. पण दाद पुन्हा नेमकी आली, आणि टेबलाखाली त्याची टाच नाचाच्या मधल्या ठोक्यांवर पडत होती. हा पाय माझ्या ओळखीचा आहे, असं मला वाटत राहिलं. शनिवारी तो फोटो काढायला म्हणून माझ्या काठावर चढला आणि खात्री पटली. डामियान! लगेच माझ्या मनात दुसरा संशय शिरला. बाल्दोमेरोचं घर अजून दोघांच्या नावावर आहे. वाटा मागायला आला असणार मेला.

शनिवारचा नाच रंगला. गाणं उतरलं, अरासेलीनं टाच आपटली आणि ती थांबली. दाद आली नाही. उद्या निघायचं म्हणून की काय, तो मान खाली घालून बसला होता. गिटारवाल्यानं पुढची तार छेडली, तरी ती हलेना.

“बोल ना, मेल्या!” ती म्हणाली. “दोन दिवस बोलतोस आणि आज दातखीळ बसली?”

तो उठून उभा राहिला. “तू ओळखलंस?”

“गुरुवारीच. काय हवंय? घराचा वाटा?”

“नाही गं.”

“मग चोरासारखा का आलास?”

“तू दार उघडशील की नाही, काय माहीत? इथं तिकीट काढलं की कुणी नाही म्हणत नाही.”

“आणि बाबांची दाद मला ऐकवतोस? तू गेल्यावर त्यांनी एकदाही दिली नाही. एवढी वाईट नाचत होते मी?”

डामियान तिच्याकडे बघतच राहिला. “अगं, त्यांना ऐकू येत नव्हतं. हातोड्यानं कान गेले होते त्यांचे. दादेची जागा आली की मी गुडघ्यानं ढोसायचो, मग ते बोलायचे. कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती मला.”

“मी हाका मारायचे, ते ओ द्यायचे नाहीत,” अरासेली हळूच म्हणाली. “मला वाटायचं, तुझा राग माझ्यावर काढतात.”

“मी गेल्यावर ढोसणार कोण? चुकीच्या जागी बोलून तुझा नाच मोडण्यापेक्षा ते तोंड शिवून बसले असतील.”

अरासेली मटकन माझ्यावर बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी बसली नव्हती. “म्हणजे त्यांना आवडत होतं,” ती म्हणाली, आणि मग ढसाढसा रडली. डामियान तिच्याशेजारी येऊन बसला. प्रवाशांना वाटलं खेळ संपला, आणि त्यांनी भलत्याच जागी टाळ्यांचा कडकडाट केला. एरवी अशा वेळी डोळे वटारणारे एवारिस्तोकाकाही त्या टाळ्यांत सामील झाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या फळ्यांना अधूनमधून तेल द्या, वर आलेले खिळे ठोका, एवढं मागणं आहेच. पण त्याआधी घरात ज्याचं काही आवडत असेल, त्याला तसं सांगून टाका. जागा चुकली तर चुकू द्या.