वाटाड्याचे डोळे

हेल्वी लाम्पिनेनने चौतीस वर्षं हेलसिंकीत ट्राम चालवली. ट्रामला कुठे वळायचं हा प्रश्नच नसतो. रूळ नेतील तिकडे जायचं, घंटा वाजवायची आणि आडवं येणाऱ्यावर मनातल्या मनात खेकसायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर खुब्याचा सांधा बदलला आणि डॉक्टरीणबाईंनी "आता रोज जंगलात चालायचं" असं बजावलं, तेव्हा तिची पंचाईतच झाली. मध्यवर्ती उद्यान तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. नाव उद्यान, पण आत शिरलं की स्प्रूसचं दाट रान, शेवाळलेले खडक, पाणथळ जागा आणि एकमेकींत गुंतलेल्या असंख्य पायवाटा. तिथे कुठली वाट कुठे जाते, देव जाणे!

शेवटी वरच्या मजल्यावरची मिर्या तिला दर मंगळवारी जंगलात चालणाऱ्या मंडळात घेऊन गेली. मिर्या शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. चारशे पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवायची सवय अजून सुटली नव्हती.

मंडळाचा वाटाड्या होता ताइस्तो हुओविला. वय शहात्तर, ताठ कणा, डोक्यावर लोकरीची टोपी. उभा जन्म त्याने नगरपालिकेसाठी नकाशे काढण्यात घालवला होता. पहिल्याच दिवशी त्याने हेल्वीला नियम सांगितला.

"फोन बंद. जंगलात नकाशा वाचायचा आणि डोळे उघडे ठेवायचे."

"आणि हरवले तर?"

"माझ्याबरोबर आजवर कुणी हरवलेलं नाही."

सप्टेंबरच्या अखेरच्या मंगळवारी एवढं धुकं पडलं की अकरा जणांपैकी आठ जणांनी घरी बसणंच पसंत केलं. नेहमी जमायच्या जागी, पिर्क्कोलाच्या मैदानाशी, आले फक्त हेल्वी, मिर्या आणि ताइस्तो.

"परत जाऊ या का?" हेल्वीने विचारलं.

"धुक्याला घाबरून?" ताइस्तो म्हणाला. "दक्षिणेला तासाभराची वाट आहे. परसबागांपाशी कॅफे आहे. वेलदोडा घातलेला पाव दहाला भट्टीतून निघतो. चला."

पावाचं नाव काढल्यावर मिर्या कुणाचं ऐकणार? तिघं निघाली. धुक्यात झाडांची खोडं तेवढी दिसत होती, शेंडे गायब. ताइस्तो पुढे ढांगा टाकत होता. "इथे डावीकडे खडक... आता उतार... आता ओढा," असं तो आधीच सांगायचा आणि तसंच निघायचं. हेल्वीला मोठं कौतुक वाटलं.

मग तो एका ठिकाणी थांबला.

"इथे जुळ्या खोडांचं स्प्रूसचं झाड हवं," तो म्हणाला.

झाड नव्हतं. बाजूला ओंडके रचलेले होते आणि ताज्या लाकडाचा वास सुटला होता. मागच्या आठवड्याच्या वादळात पडलेली झाडं माणसांनी कापून नीट लावली होती. ताइस्तोने नकाशा काढला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "उजवीकडे."

उजवीकडे गेली. मग डावीकडे. मग एका पाणथळ जागेत मिर्याचा बूट घोट्यापर्यंत आत गेला आणि तिने शाळेच्या स्वयंपाकघरात शोभणार नाहीत असे दोन शब्द उच्चारले. अर्ध्या तासाने तिघं पुन्हा त्याच ओंडक्यांसमोर उभी.

"हे दुसरे ओंडके," ताइस्तो म्हणाला.

"असतील बाबा. पण यांच्यावर माझाच हातमोजा कसा पडलाय?" मिर्याने विचारलं.

ताइस्तोने नकाशा पुन्हा उघडला. हेल्वी त्याच्या खांद्यामागून डोकावली. नकाशावर तळहाताएवढं मोठं तळं होतं. या उद्यानात एवढं तळं कुठेच नाही. तो नकाशा शहराबाहेरच्या भलत्याच रानाचा होता, आणि ताइस्तो त्यावरून गंभीरपणे बोट फिरवत होता.

तिला एकेक आठवायला लागलं. मागच्या आठवड्यात त्याने एका जुनिपरच्या झुडपाला "नमस्कार" म्हटलं होतं. सगळे खो खो हसले होते, तोही हसला होता. कॅफेत तो कधी भिंतीवरचा पदार्थांचा फळा वाचायचा नाही, "मला नेहमीचंच" म्हणायचा.

आता काय करावं? मिर्यासमोर बोललं तर म्हाताऱ्याची मान कायमची खाली जाईल. गप्प बसलं तर दुपारपर्यंत इथेच घिरट्या. तेवढ्यात तिला ऐकू आलं. धुक्यापलीकडून, डावीकडून, एकसारखी घरघर. मोठा हमरस्ता! तो उद्यानाच्या पश्चिमेला. दक्षिणेला चाललो असू तर आवाज उजवीकडून यायला हवा. म्हणजे आपली तोंडं चक्क उत्तरेला.

"ताइस्तो," ती कण्हत म्हणाली, "माझा खुबा बोंब मारतोय. जरा हात दे ना."

त्याने लगेच हात पुढे केला. तिने त्याचं कोपर घट्ट धरलं आणि चढाचं निमित्त करून त्याला अलगद पूर्ण वळवलं. आवाज उजव्या कानाला ठेवून ती चालू लागली. मिर्या मागे बुटातलं पाणी निपटत, बडबडत येत होती.

शंभरेक पावलांवर ताइस्तो हळूच म्हणाला, "तुझा खुबा दुखत नाहीये."

"नाही."

"कधी कळलं?"

"तळं दिसलं तेव्हा."

"कुठलं तळं?"

"तुझ्या नकाशातलं."

तो थबकला. मग त्याच्या छातीतून विचित्र आवाज निघाला. हेल्वीला वाटलं रडतोय की काय. पण तो हसत होता. मग त्याने टोपीने डोळे पुसले.

"सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. दोन वर्षं झाली. माझे वडील आंधळे होऊन गेले, हेल्वी. डॉक्टरने तेच सांगितलं तर? म्हणून गेलोच नाही."

"अरे शहाण्या, आमच्या डेपोत दरवर्षी डोळे तपासायचे. दुधातून बघितल्यासारखं म्हणजे बहुतेक मोतीबिंदू. माझ्या तीन सोबत्यांचे काढले. एक तर दुसऱ्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणाला, भिंती एवढ्या मळक्या कशा?"

"आणि मोतीबिंदू नसला तर?"

"तर काय आहे ते तरी कळेल. सोमवारी डॉक्टरकडे मी बरोबर येते. मंडळात कुणाला सांगणार नाही."

तो वीसेक पावलं चालला. मग म्हणाला, "पुढे ओढ्यावर फळ्या टाकल्यात. निसरड्या असतात, जपून." फळ्या होत्या, आणि निसरड्याही होत्या.

कॅफेत पोचायला साडेअकरा वाजले. ताइस्तो हात धुवायला गेला, तशी मिर्या पाव तोडत पुटपुटली, "बरं केलंस वळवलंस त्याला."

"म्हणजे? तुला माहीत आहे?"

"अगं, सगळ्यांनाच माहीत आहे! उन्हाळ्यापासून. आम्ही पाळीपाळीने त्याच्या शेजारून चालतो. वळण आलं की जरा कोपर लावायचं. त्याला वाटतं आम्ही धसमुसळे आहोत."

"मग आज का नाही लावलंस?"

"मी? मी तर घरातसुद्धा कपाटाचं दार उघडून न्हाणीघर शोधते. आज खरे वाटाडे घरी झोपले होते."

हेल्वी एवढी हसली की कॉफी नाकातून यायची बाकी राहिली. ताइस्तो परतला आणि "काय झालं?" म्हणाला. दोघींनी पावाचा मोठा घास घेतला.

मोतीबिंदूच निघाला. डिसेंबरात एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, जानेवारीत दुसऱ्याची. फेब्रुवारीच्या एका लख्ख मंगळवारी ताइस्तो मंडळात परतला. सगळे अकराच्या अकरा हजर होते. बर्फ करकरत होता, बर्चच्या फांद्यांवर हिमाचे काटे फुलले होते.

"मिर्या, केस लाल कधी केलेस?"

"दीड वर्ष झालं. आता बोलतोस?"

"छान दिसतात. आणि तू, आन्तेरो, किती म्हातारा झालायस!"

चालणं काही होईना. तो दर झाडापाशी थांबायचा, सालीवरचं दगडफूल निरखायचा, खारीच्या पावलांवर वाकायचा. वाटेतल्या खांबावरची पाटी त्याने मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा.

"अरे, झाडं कुठे पळून जात नाहीत!" मिर्या पुढून ओरडली. "पाव मात्र संपतो!"

मंडळी पुढे गेली. हेल्वी मागे थांबली. ताइस्तो तिच्याकडे वळला आणि जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"काय? भिंती मळक्या आहेत का?"

"नाही," तो म्हणाला आणि टोपी सारखी करू लागला. "रविवारी काय करतेस?"

"काही नाही."

"मग चल. उत्तरेला नदीकाठी एक जागा आहे. कुणाला दाखवलेली नाही."

"काय आहे तिथे?"

"दोन वर्षं मला ती दिसलेलीच नाही. आता बरोबरच बघू."

"किती वाजता?" हेल्वीने विचारलं.