एका टनाची चेन-कुप्पी

मी एक जुनी चेन-कुप्पी आहे, मित्रांनो. एक टन वजन उचलते. निदान माझ्या पाटीवर तसं कोरलेलं आहे.

आंजी मोठी या गावात रत्नदीपचं लोखंडी कामाचं वर्कशॉप आहे. तिथल्या तुळईला मी टांगलेली असायचे. हाताने साखळी ओढली की माझ्या पोटातली चाकं फिरत आणि हुकाला अडकवलेलं ओझं हळूहळू वर येई. रत्नदीपच्या बाबांनी मला आणलं तेव्हा मी पिवळीधम्मक होते. किती गेट, किती ट्रॉल्या उचलल्या! "कुप्पी आहे म्हणून कंबर शाबूत आहे," असं सगळे म्हणत. पुढे रंग उडाला, तेल घालायची आठवण कुणाला राहिना. मी कुरकुरले की म्हणत, "म्हातारी झाली."

मला तराजूसारखं वजन सांगता येत नाही. ते आधीच काढावं लागतं. हे काम रत्नदीपची बायको नंदिनी करते. गोल सळीचा मिलिमीटरमधला व्यास घ्यायचा, त्याचा वर्ग करून एकशे बासष्टने भागायचं, की एका मीटरचे किलो निघतात. कडेवर लेक आणि हातात टेप, तरी तिचा अंदाज कधी फसत नसे.

त्या दिवशी बंद पडलेल्या कापड गिरणीतला एक पोकळ रोलर आला. ट्रॅक्टरवाल्याने तो ढकलूनच उतरवला, त्यामुळे त्याचा भार कुणाच्या हाताला कळला नाही. नंदिनीने उघड्या तोंडाशी जाडी मोजली. ती आत हात घालून बघणार, तोच लेक रडायला लागली. "तीनशे किलोच्या आतच आहे," असं सांगून ती लेकीला घेऊन घरात गेली.

पण ते तोंड बेअरिंग बसवायला आतून कोरून पातळ केलेलं होतं. पुढे रोलरची भिंत कितीतरी जाड होती.

कामावरच्या तानबाने साखळी ओढली. ती हलेना.

"काऊन रे, जेवला नाई का?" वर्कशॉपमधले म्हातारे कारागीर भैयाजी हसले.

"तुम्हीच ओढून पाहा ना मंग!"

भैयाजींनीही हात लावला. आमच्या वर्कशॉपची रीतच तशी. एकाला जड गेलं की दुसरा न बोलावता धावतो. किती चांगली रीत! पण माझ्या साखळीला दुसरा हात लागला की समजावं, ओझं माझ्या ताकदीबाहेरचं आहे.

रोलर वर आला. दुसऱ्या टोकाची जाम बेअरिंग ठोकायला रत्नदीप त्याच्याखाली उताणा शिरला. माझा हूक उघडू लागला. मी करकरले.

"म्हातारी कुरकुरून राह्यली," भैयाजी म्हणाले.

रडणाऱ्या लेकीला कडेवर घेऊन नंदिनी दारात आली. दोघांचे हात साखळीवर बघून थबकली.

"भैयाजी, दोघं काऊन ओढून राह्यले? तीनशे किलो तर तानबाभाऊ एकटेच उचलतात." आणि तिचा चेहरा उतरला. "अवो, निघा बाहेर!"

"थांब ना, सुटूनच राह्यली."

"माहा अंदाज चुकला! निघा!"

ती असं कधी म्हणाली नव्हती. तो सरपटत बाहेर आला. त्याचे पाय जेमतेम निघाले आणि रोलर धाडकन कोसळला. फरशी फुटली. लेकसुद्धा रडायची थांबली.

नंदिनीने रोलरच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. आतली जाड भिंत चाचपली.

थोड्या वेळाने भैयाजींनी मला उतरवलं. हुकाचं तोंड वासलेलं होतं. "गरम करून ठोकतो. होते नीट."

"बाबाची आठवण आहे," रत्नदीप म्हणाला. "राहू द्या."

"राहू द्या," नंदिनी म्हणाली. "मंग पुढच्या वेळी हिच्याखाली कोण झोपते, तेवढं सांगा."

रत्नदीप बराच वेळ माझ्या पाटीवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने गॅस कटर पेटवला आणि माझा हूक कापून टाकला.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा विनवतात, आम्हाला टाकू नका. मी रत्नदीपला म्हणत होते, काप बाबा, लवकर काप. मला वेळेवर तेल मिळालं असतं तर बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू? पण ज्या वस्तूखाली आपलं माणूस झोपणार असतं, तिची नुसती माया करू नका. तिला तपासा.