बाबांचा वेगळा डबा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने बदाम, काजू आणि शेंगदाणे भाजले होते. मी सुट्टीला घरी आले होते, आणि मी आले की हे व्हायचंच.

अंड्याचा पांढरा भाग फेस येईपर्यंत फेटायचा, त्यात दाणे घोळवायचे, म्हणजे मसाला धरून राहतो. तेल घातलं तर मसाला ट्रेला चिकटतो आणि दाणे कोरडेच राहतात. हे ती दर वेळी नव्याने सांगायची आणि मी दर वेळी नव्याने ऐकायचे. मग मीठ, चिमूटभर साखर, जिरेपूड आणि रंगापुरतं तिखट. एवढं झालं की ती दाराकडे एकदा नजर टाकायची आणि वाटीभर दाणे बाजूच्या लहान ट्रेमध्ये काढून घ्यायची. उरलेल्यांवर मग दुसऱ्या बरणीतलं, खरं तिखट पडायचं.

लहान ट्रे बाबांचा.

बाबा छापखान्यात मशीन चालवायचे. नवं लग्न झालेलं असताना त्यांनी आईच्या हातचे तिखट दाणे मूठमूठ खाल्ले, रात्रभर पोट धरून बसले आणि सकाळी म्हणाले, "फर्मास होते, पुन्हा कर." आई काय समजायचं ते समजली. तेव्हापासून छापखान्यात दोन डबे जाऊ लागले. "तिथे सगळ्यांचे शाईचे हात लागतात, तुमचा डबा आपला वेगळा," हे तिने दिलेलं कारण. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे मोठ्या डब्यातले दाणे खाऊन हाशहुश करत नळाकडे धावायचे, आणि बाबा स्वतःच्या डब्यातले शांतपणे चघळत बसायचे. त्यांचं नावच 'भट्टी' पडलं. निवृत्तीनंतरही जुने सोबती फोनवर विचारत, "काय भट्टी, पेटलीये ना अजून?"

त्या दिवशीही ते बाहेरच्या खोलीतून ओरडले, "अगं, झालं का? घरभर वास सुटलाय."

"दम धरा जरा. गरम असताना मऊ लागतात, मग म्हणाल कच्चे राहिले."

"मला काय शिकवतेस? मी काय आज खातोय?"

"छे हो, तुमच्यापुढे कुणाची जीभ चालणार!" आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी हसू लपवायला भांडं घासायला घेतलं. "ब्र काढशील तर बघ," ती माझ्या कानाशी पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती "जरा पडते" म्हणाली, ती उठलीच नाही.

माणसं आली आणि गेली. मी रजा वाढवून घेतली. बाबा दोन घास खायचे, बाकीचं ताटात इकडून तिकडे सारायचे. मी काही म्हटलं की "जेवलो की," एवढंच. त्यांचा पट्टा कमरेवर आतल्या आतल्या भोकात जाऊ लागला होता. एका सकाळी आपणहून म्हणाले, "ते दाणे कर ना. तिने केलेले संपले."

इतक्या दिवसांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी चहा अर्धा टाकून उठले.

बाबा आयुष्यात कधी स्वयंपाकघरात रेंगाळले नव्हते. त्या दिवशी मात्र स्टूल ओढून ओट्याशी येऊन बसले. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी फेस काढला, दाणे घोळवले, मसाला घातला.

"आता ती बरणी," बाबा म्हणाले.

"पुरे की एवढं."

"पुरे? भट्टीला? हे लहान मुलांना दे." त्यांनीच झाकण फिरवून बरणी पुढे केली. "ती घालायची. मला बाहेरच्या खोलीत बसून ठसका यायचा."

लहान ट्रे समोर फळीवरच होता. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा वाटा वेगळा काढायला काहीतरी निमित्त हवं होतं. शाईचं कारण आता चालणार नव्हतं. मला दुसरं सुचलं नाही. मी तिखट घातलं, आईच्या अंदाजाने.

दाणे ओव्हनमधून काढून, पसरून, पूर्ण गार होऊ दिले. बाबांनी सवयीने मूठभर तोंडात टाकले. चार वेळा चावले आणि थांबले. कानापर्यंत लाल झाले. गिळले मात्र सगळे, मानी माणूस. मग ठसका लागला, उचकी लागली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी पाणी दिलं, वर साखर दिली.

"हात सैल सुटला माझा," मी म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले आणि एक काजू माझ्या हातावर ठेवला. "खा."

मी खाल्ला. हुबेहूब आईचा. चेहरा वाकडा करायचं मला उशिरा सुचलं.

"तुला तर काही झालं नाही."

मी उगाच पाण्याचा पेला उचलला.

"तिच्यासारखेच झालेत ना?"

"हो."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. "मग माझंच काहीतरी गेलं. जीभ गेली." मशीनचा एखादा भाग झिजल्याचं सांगावं तसं ते सांगत होते. "म्हटलं होतं, बाकी काही नाही तरी तिच्या हातची ही एक चव आहे आपल्याजवळ. तीही आता मला झेपत नाही. ठेव हे. तू खा."

ते उठले. दाराची चौकट धरून क्षणभर उभे राहिले.

मला आईचं ते "ब्र काढशील तर बघ" आठवलं. त्यांचा मान राहावा म्हणून तिने हे गुपित जपलं होतं, आणि आता तेच तिला त्यांच्यापासून तोडत होतं.

"तुमची जीभ कुठे गेलेली नाही, बाबा," मी म्हणाले. "लग्नानंतरच्या त्या पहिल्या वेळेनंतर हे तिखट तुम्ही कधी खाल्लंच नव्हतं. आई तुमचा वाटा आधीच बाजूला काढायची. दर वेळी. त्यांना सोसत नाही आणि ते सांगतही नाहीत, म्हणायची."