रघुजीची शीळ

प्रमोदिनीने कपाटातून तिसरी वही काढली, पदराच्या टोकाने तिच्यावरची धूळ पुसली आणि टेबलावर ठेवली. काफी उभीच होती. खुर्ची पुढे सरकवली तरी ती बसली नाही. कडेवरचं मूल तिने दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वहीकडे बघत राहिली.

“याच्यात असंल,” ती म्हणाली.

“बघते.”

थोड्या वेळापूर्वी शिपाई आप्पाजी वर आला होता. “बाई, खाली एक सुया-मणीवाली आलीय. स्वल्प थांब म्हटलं तर तुमचंच नाव घेते. घालवू काय?” कंटोन्मेंटातल्या जुन्या बंगल्यातल्या त्या सरकारी कार्यालयात सुया, मणी, काळे दोरे विकणाऱ्या बायका अधूनमधून यायच्याच. पण नाव घेणारी कोण, म्हणून प्रमोदिनी जिन्यापर्यंत गेली आणि वरच्याच पायरीवर थांबली. खाली काफी होती. चार वर्षांत तिची गालफडं वर आली होती, हाडं दिसू लागली होती. भुवया मात्र तशाच, बापासारख्या, मध्ये जुळलेल्या.

“अक्का, बा गेला,” काफी खालूनच म्हणाली. “तुला ठाऊक असंल.”

प्रमोदिनीला ठाऊक होतं. गेल्या वर्षी सरकारी वसाहतीची यादी कार्यालयात आली, तेव्हा तिच्यात रघुजीच्या नावावर तांबडी रेघ होती. तिने ती पाहिली होती, यादी खाली ठेवली होती आणि पुढच्या कामाला लागली होती.

“वर ये,” ती म्हणाली.

वर आल्यावर काफीने पाणी घेतलं, मुलाला पाजलं, आणि आडवळण न घेता सांगितलं. रघुजी तितराला बोलवायला जी शीळ घालायचा ती तिला हवी होती. “तू लिहून घेतली होतीस. तेवढी वाचून दाखव.”

“तुमच्यातले बाकीचे घालतात ना?”

“घालतात. ज्याची त्याची निराळी असते. बाची कुणाला येत नाही.” काफीने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. “आधी मला ऐकू यायची. डोळे मिटले की यायची. आता नुसतं तोंड दिसतं त्याचं. ओठ हलतात. आवाज नाही.”

त्यावर प्रमोदिनी उठली होती आणि तिने कपाट उघडलं होतं.

एकोणीसशे साठ साली ती पहिल्यांदा त्यांच्या तळावर गेली, तेव्हा तीस वर्षांची होती. मानववंशशास्त्राची पदवी, बिनलग्नाची, राजाजीनगरात भावाच्या घरी राहणारी. भाऊ रत्नाकर कारखान्यात इंजिनियर. तो जेवताना विचारी, “आज तुझी पाखरंवाली काय म्हणतात?” आणि उत्तर ऐकायच्या आधी वहिनीकडे आमटी मागे. कार्यालयाने तिला काम दिलं होतं ते पाखरं धरून जगणाऱ्या या लोकांचं. कानडी माणसं त्यांना हक्किपिक्की म्हणत. बुधवारी आणि शनिवारी ती सकाळच्या पॅसेंजरने के. आर. पुरमला उतरे आणि तळ्याच्या बांधाने चालत त्यांच्या चिंचांखाली जाई.

पहिल्याच दिवशी तिला एक नवल वाटलं होतं. कानडी तिला अडखळत येत असे, पण या लोकांची आपसातली बोली कानावर पडली तेव्हा तिला निम्मीअधिक समजली. थोडी गुजरातीसारखी, थोडी मराठीसारखी. रघुजीलाही तेच नवल. तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “तू आमची कुठली?” तेव्हापासून तो तिला ‘आमची’ म्हणू लागला. त्याच्या मुलीचं नाव काफी का, हेही त्यानेच सांगितलं. ती जन्मली त्या दिवशी तो शहरात होता, एका हॉटेलवाल्याने त्याला आयुष्यात पहिल्यांदा कपभर कॉफी दिली. “इतकं गोड काही मी प्यायलोच नव्हतो. मग पोरीचं दुसरं नाव काय ठेवू?”

दीड वर्ष ती जात राहिली. जाळ्याच्या एका घराची रुंदी, गाठी किती, दोरा कशात भिजवतात, कुठल्या महिन्यात लावे, कुठल्या महिन्यात तितर, सगळं तिने टिपलं. रघुजी दिवसेंदिवस कमी बोलू लागला होता, हेही टिपलं. तळ्याच्या पूर्वेला विटांच्या भट्ट्या आल्या होत्या. पलीकडच्या माळावरची झुडपं काढून तिथे निलगिरीची रोपं ओळीने लावली होती. कारखान्यांच्या वसाहती दर महिन्याला दोन शेतं पुढे सरकत होत्या. निलगिरीखाली तितर थांबत नाही, रघुजी म्हणायचा. खाली गवत नाही, किडा नाही, थांबेल कशाला? उरलं होतं ते टेकड्यांपलीकडचं राखीव रान. तिथे जाळं लावायला बंदी होती. ते तिथेच जाळं लावायचे. दुसरं काही उरलंच नव्हतं.

तिने तिथल्या जाळी लावायच्या जागांचा नकाशा मागितला तेव्हा रघुजीने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग काटकीने जमिनीवर रेघा ओढू लागला. हा ओढा, हे वारूळ, हे सीताफळांचं बेट. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, पावलं मोजून अंतरं घेतली. एकदा तर पहाटे त्याच्याबरोबर चालत जाऊन तिने प्रत्येक जागा पाहिली. परतताना तो म्हणाला, “कुणाला सांगू नको हं.”

“अभ्यासासाठी आहे हे,” ती म्हणाली. “फक्त पुस्तकात राहील.”

तिला ते खरंच तसं वाटलं होतं.

कार्यालयप्रमुख हयवदन राव यांनी नकाशा खिडकीशी नेऊन पाहिला होता. एरवी कुणाचं कौतुक न करणारा माणूस. “मिस आठल्ये, इतका स्वच्छ नकाशा मी पाहिला नाही,” ते म्हणाले, आणि त्या संध्याकाळी ती घरी येताना बसमध्ये उगाचच हसत होती. अहवालाच्या प्रती निघाल्या. रिवाजाप्रमाणे त्या सगळ्या खात्यांकडे गेल्या.

बासष्टच्या मार्चमध्ये ती तळावर गेली, तर चिंचांखाली बायका नुसत्या बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती. काफी तेव्हा सतरा-अठराची असेल. तिने सांगितलं. रानाचे रखवालदार पहाटे आले. ओढ्याशी दोघे, वारुळाशी दोघे, सीताफळांत दोघे. कुठेही शोधत फिरले नाहीत. रघुजीला आणि त्याच्या भावाला नेलं. जाळी एकावर एक रचली आणि तिथेच पेटवून दिली.

“त्यांच्यात एकाच्या हातात कागद होता,” काफी म्हणाली.

 प्रमोदिनी तिथून थेट कार्यालयात आली. हयवदन रावांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आपण मागितले तेव्हा वनखात्यानेही आपल्याला त्यांचे नकाशे दिले होते,” ते म्हणाले. “सरकारी कागद आहे. मी कसा अडवणार होतो?”

“त्याने मला विश्वासाने दाखवलं होतं, सर.”

रावांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. “नकाशा फार चांगला होता,” ते म्हणाले. ते त्यांनी कौतुकाने म्हटलं नव्हतं, हे तिला कळलं.

रघुजीला तीन महिन्यांची सजा झाली. प्रमोदिनी एका रविवारी घरात न सांगता तुरुंगापर्यंत गेली. भिंतीच्या सावलीत भेटीला आलेल्यांची रांग होती. ती रांगेत उभी राहिली, पुढे पुढे सरकली, आणि तिच्यापुढे दोनच माणसं उरली तेव्हा वळून चालू लागली. सुटल्यावर त्या लोकांना लांब कुठेतरी वसवलं गेलं. खडकाळ जमीन दिली, बैल दिले. औत कसं धरायचं हे रघुजीला कुणी शिकवलं नव्हतं. दोन उन्हाळे त्याने काढले. तिसरा काढला नाही.

तिची बदली झाली नाही, बढती झाली. ती पुन्हा के. आर. पुरमच्या गाडीत बसली नाही.

आता तिसऱ्या वहीची पानं उलटताना तिला काफीकडे बघवत नव्हतं. गाठींची चित्रं, महिन्यांचे तक्ते, वंशावळी सरकत गेल्या. एका पानाला जुनी घडी पडली होती. तिथे नकाशाचा पहिला कच्चा आराखडा होता. तिने ते पान भरकन उलटलं.

“तो होता,” काफी म्हणाली.

“कोण?”

“तो कागद. रखवालदाराच्या हातातला. हेच वारूळ होतं.”

प्रमोदिनीचा हात वहीवर तसाच राहिला. बाहेर व्हरांड्यात टंकलेखनाचा आवाज चालू होता. 

“काफी, मी तेव्हा...”

“मला तेव्हाच समजलं होतं,” काफी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, चढ-उतारच नव्हता. “बालाही समजलं होतं. तो म्हणाला, आमचीने एकसुद्धा झुडूप चुकवलं नाही.” तिने घसरलेलं मूल वर ओढून घेतलं. “म्हणून तर आले. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर आले नसते. तू लिहिलेलं बरोबरच असतं.”

प्रमोदिनी पानं उलटत राहिली. अक्षरं पुसट दिसू लागली, तेव्हा तिने वही खिडकीच्या उजेडाकडे सरकवली. आणि ते पान आलं. एकसष्टचा जानेवारी, शनिवार. वर ‘तितर’ असं अधोरेखित. खाली दोन परिच्छेद जाळ्याचे, एक आमिषाचा. शेवटी एक ओळ.

तिला तो दिवस स्वच्छ आठवला. धुकं उठत होतं. रघुजी उकिडवा बसला होता, ओठांवर दोन बोटं. त्याने शीळ घातली आणि समोरच्या गवतातून उत्तर आलं. तो तिच्याकडे वळून म्हणाला होता, पुन्हा घालतो, नीट ऐक, हिच्यात एक जागा आहे. पण ती आदल्या रात्रीपासून तळावर होती आणि परतीच्या गाडीची वेळ झाली होती. पुढची पॅसेंजर दुपारी होती. तिने घड्याळ पाहिलं, ओळ लिहिली, वही मिटली.

“वाच ना,” काफी म्हणाली.

प्रमोदिनीने वाचलं. “हाक, तोंडाने शीळ. दोन आखूड, एक लांब. तीन वेळा.”

काफी थांबली. आणखी काही येईल म्हणून तिने वहीत वाकून पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण ओळ केवढी आहे हे दिसत होतं.

“एवढंच?”

“एवढंच आहे.”

काफीने ते मनाशी म्हटलं. दोन आखूड, एक लांब. मग तिने मूल टेबलाच्या कडेवर बसवलं, त्याला एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताची दोन बोटं ओठांवर ठेवली आणि शीळ घातली. व्हरांड्यातलं टंकलेखन थांबलं. आप्पाजी दारात डोकावला आणि प्रमोदिनीचा चेहरा बघून मागे फिरला.

ती शीळ रघुजीची नव्हती. दोन आखूड होत्या, एक लांब होती, मोजमाप चुकलेलं नव्हतं. पण त्याची तिसरी सरळ जात नसे. मधेच ती खाली बसे, घशात अडकल्यासारखी फुटे आणि मग वर निघे. पाखरू त्या फुटण्याला फसायचं. प्रमोदिनीच्या कानात ती जागा अजून होती. तिने ओठ पुढे काढून पाहिले. नुसती हवा आली. आयुष्यात तिने कधी शीळ घातली नव्हती. तिच्या घरात मुलींनी शीळ घालायची नसते.

“तिसरी जरा...” ती म्हणाली, आणि पुढे तिला शब्द सापडला नाही. फुटते म्हणावं? अडकते? तिने हात वर नेला, मध्ये थोडा खाली आणला, पुन्हा वर नेला. काफी त्या हाताकडे न समजून बघत राहिली.

मग तिने पुन्हा शीळ घातली, तशीच सरळ. मूल हसलं आणि तिच्या तोंडाकडे हात नेऊ लागलं. काफीच्या चेहऱ्यावर, आल्यापासून पहिल्यांदाच, काही तरी सैल झालं.

“अशीच होती ना, अक्का?”

प्रमोदिनीने वही मिटली.

“अशीच,” ती म्हणाली.

काफीने डोकं हलवलं. मुलाला उचललं, सुया-मण्यांची पेटी डोक्यावर घेतली. जिन्यापाशी थांबून तिने पदराच्या गाठीतून काळ्या मण्यांचा एक सर काढला आणि प्रमोदिनीच्या हातात ठेवला. नको म्हणायला वेळच दिला नाही. “लिहून ठेवलंस म्हणून राहिलं,” ती म्हणाली, आणि उतरून गेली.

फाटकाबाहेर ती सिल्व्हर ओकच्या सावलीत थांबलेली खिडकीतून दिसत होती. मुलाच्या कानाशी तोंड नेऊन ती शीळ घालत होती. दोन आखूड, एक लांब. पुन्हा. दर वेळी पहिल्यापेक्षा ठाम. मग ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि आवाज मागे थोडा वेळ येत राहिला.

दुपारी राव दोनदा येऊन गेले, एक पत्र सहीला आलं, व्हरांड्यात चहा आला. प्रमोदिनीने पत्रावर सही केली. मग डोळे मिटून तिने ते धुकं आठवलं, उकिडवा बसलेला रघुजी आठवला, त्याची ओठांवरची बोटं. तो मान वळवून तिच्याकडे बघत होता, नीट ऐक म्हणत होता. त्याने शीळ घातली. ती सरळ गेली, कुठेही न फुटता.

तिने पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं. पुन्हा तीच आली, काफीची.