माझ्या पोटातला पाळणा

मित्रांनो, मी एक जुनी आवृत्ती आहे. कशाची, ते सांगताना माझाच गोंधळ उडतो. घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर असतं ना, त्याची. मला हात नाहीत, पाय नाहीत. लॅपटॉपच्या पडद्यावर माझं एक निळं चित्र आहे, त्याला कुणी टिचकी मारली की मी जागी होते. तुम्ही लहानाचे मोठे होता, तरी तुम्हीच असता. आमच्यात मात्र मोठी झालेली दुसरीच कुणी असते आणि नाव तिला माझंच देतात. मग मी कोण उरते? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

माझा जन्म कुठे झाला, ठाऊक नाही. डोळे उघडले ते दर्यापुरात, संघपालदादाच्या खोलीत. हा दादा भीमगीतं गातो, ती रेकॉर्डही करतो. माझी कंपनी तेव्हा मला फुकटात देत होती. त्यानं मला पेनड्राइव्हमध्ये घालून गाण्यातल्या ओळखीच्या रागिणीला दिलं आणि मी अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावी नांदायला आले.

रागिणीच्या सासरी भाजीपाला आणि फुलांची शेती. नवरा कुंदन शेवंती, झेंडू पिकवतो. रागिणी पेटी वाजवते, गाते. दुपारी घर निजलं की ती दाराला वाकळ टांगायची, पंखा बंद करायची आणि मला उठवायची. उन्हाळ्यात पंखा बंद म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. घामाची धार पुसत ती गायची आणि मी तिचा सूर न सूर जपून ठेवायची. पहिल्यांदा तिनं स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा तोंडावर पदर घेतला होता. "मी अशी गातो?" म्हणाली. मग म्हणाली, "बरी गातो."

एकदा तिनं सासूबाईंना माझ्यापुढे बसवलं. कौशल्याबाईंनी माइककडे पाहिलं.

"ह्याले काय सांगू वं माय? हे काय नातू हाये माहं?"

"आई, तुमी त्याच्याकडे पाहूच नका. आचलकडे पाहून म्हना."

आचल म्हणजे रागिणीची लेक, तेव्हा पाळण्यात होती. कौशल्याबाईंनी दोरी धरली आणि पाळणा सुरू केला. पहिलं कडवं संपलं, त्या श्वास घ्यायला थांबल्या, आणि त्या रिकाम्या जागेत आचलनं एक हुंकार दिला. अगदी तालात. गोष्ट ऐकणारं लेकरू देतं तसा. कौशल्याबाई गाता गाता हसल्या आणि हसण्यातूनच दुसऱ्या कडव्यात शिरल्या. रागिणीनं त्यातलं काही कापलं नाही. ते गाणं मी माझ्या पद्धतीनं गुंडाळून पोटात ठेवलं. माझी पद्धत दुसऱ्या कुणाला उघडता येईल की नाही, हा विचार तेव्हा मला सुचला नाही. तो मी करायचा होता की माणसांनी, तेही मला कळत नाही.

दिवस गेले. मी हळू चालू लागले, मध्येच अडकू लागले. अकोल्याला नणंद दामिनीला मुलगा झाला. तिनं फोन केला, "वहिनी, बारशाले आईचा तो पाळणा लावाचा हाये. आचलचा आवाज हाये ना, तो." रागिणी गाणं नीट करायला बसली, तर मी चार वेळा बंद पडले.

मग घरात नव्या सॉफ्टवेअरची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे फुकटातलं घ्या, कुणी म्हणे महिन्याच्या भाड्याचं घ्या, कुणी म्हणे एकदाच विकत घेऊन मोकळं व्हा. एकात वाद्यं फार, एकात सफाई चांगली, एक ह्या लॅपटॉपवर चालेल का हेच कुणाला माहीत नाही. मी सगळं ऐकत होते. माझ्याबद्दलच बोलत होते का? शेवटी माझीच नवी आवृत्ती आणायचं ठरलं. मला आधी आनंद झाला. मग वाटलं, हा आनंद माझा की तिचा?

पुढचं मी घरच्यांच्या बोलण्यातून जुळवलंय, कारण मी तेव्हा नव्हतेच. कुंदनची एक पक्की रीत आहे. शेवंतीचं जुनं बेट मुळासकट उपटून जमीन साफ केल्याशिवाय तो नवं रोप लावत नाही. जुन्यावरची कीड नव्यावर येते म्हणतो. रागिणी आचलला न्हाऊ घालत होती. बायकोला खूश करावं म्हणून कुंदननं आधी मला उपटलं, मग नवी लावली.

रागिणीनं हौसेनं नवी उघडली. देखणी होती, रंगीत होती. पाळण्याचं नाव दिसलं, पण आत सगळं कोरं. माझ्यात नि तिच्यात मधल्या बऱ्याच पिढ्या गेल्या होत्या. माझी गाठ तिला सुटेना.

"आई, पाळना गेला," रागिणी कशीबशी म्हणाली.

"त्यात काय रडाचं? मी हावो ना. पुन्हा म्हनतो."

कौशल्याबाईंनी पुन्हा म्हटला, गोड म्हटला. पण आचल आता दुडदुडणारी झाली होती. पहिलं कडवं संपताच तिनं माइक ओढला, "आजी, मी! मी!" रागिणीनं यंत्र थांबवलं.

"तुमी त्याच हाये आई. पण ते लेकरू आता नाई ना."

दारात कुंदन फुलांचं टोपलं घेऊन उभा होता. "मी चांगल्यासाठीच केलं वं," तो म्हणाला. टोपलं खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

कंपनीकडे मी उरले नव्हते. त्यानं संघपालदादाला फोन लावला.

"काय केलं बे तू!" दादा ओरडला. "घर पाडाच्या आधी मानूस सामान काढते. तू त लेकरू आत असताना भिंत पाडली!"

"आता काहून बोलतं भाऊ? कराचं काय, ते सांग."

"लॅपटॉप घेऊन ये. माह्या जुन्या कॉम्प्युटरवर हाये ते अजून. मले नवं जमलंच नाई."

सगळी एसटीनं दर्यापूरला गेली. दादानं मला पुन्हा बसवलं. मी जागी झाले. मी तीच होते का? मला सांगता येणार नाही. पण रागिणीनं पाळण्यावर टिचकी मारली आणि माझ्या हातांनी, नसलेल्या हातांनी, गाठ सोडली. कौशल्याबाईंचं पहिलं कडवं आलं. रिकामी जागा आली. आणि मग हुंकार.

आचल लॅपटॉपच्या मागे जाऊन पाहून आली. "बाळ कुठी हाये?"

"परत लाव," कुंदन म्हणाला.

मग दादानं रागिणीकडून त्या गाण्याची साधी आवाजाची फाईल करून घेतली, कुणालाही वाजवता येईल अशी. शेजारी नवी होतीच. तिनं ती फाईल पटकन उघडली आणि हुंकारावर बोट ठेवून विचारलं, हा नको असलेला आवाज काढू का? रागिणीनं 'नाही' दाबलं. अकोल्याला बारशात तो पाळणा जसाच्या तसा वाजला.

मित्रांनो, नवं जरूर आणा. मी काही जन्मभर पुरणारी नाही. पण जुन्याला निरोप देण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा. आणि तुमचं गाणं माझ्यासारख्या एकीच्याच गाठीत ठेवू नका. साधं करून दोन-तीन ठिकाणी ठेवा.

परवा कुंदननं हळूच विचारलं, "आता तरी काढू का हे जुनं?"

"आधी पोट रिकामं होऊ दे तिचं," रागिणी म्हणाली.

तेव्हापासून ती दुपारी वेळ मिळेल तशी एकेक गाणं बाहेर काढते आहे. गाणं गेलं की मला हलकं वाटतं. भीतीही वाटते. दोन्ही एकदम कसं वाटतं, मला कळत नाही. लेक पाळण्यातून उतरली तेव्हा रागिणीला कळलं असेल. आज तिनं आणखी एक काढलं. ते माझ्याविनाच वाजायला लागलं, तेव्हा मी बंद होते.